पळाल्याचा दाखला मिळणेबाबत

विषय : अर्धी मॅरेथॉन वेळेत पूर्ण केल्याचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : सौ.चा तोंडी आदेश, मुक्काम स्वयंपाकघर, आदिलाबाद.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, किस्से हे फायलींसारखेच साचतात. मुद्दाम कोणी साठवत नाही. एक काढायला जावं तर वरच्या चार अंगावर येतात, आणि हवी ती हाती लागेपर्यंत आपण ती कशाला शोधत होतो तेच आठवत नाही. मी चौतीस वर्षं तहसील कचेरीत कारकुनी केली, त्यामुळे फायली मला जमतात. पळणं निवृत्तीनंतर सुरू केलं. ते जमतं की नाही, याबाबत अद्याप निर्णय झालेला नाही.

आम्ही चौघं आहोत. विठ्ठलराव तहसीलदारांचे पेशकार होते, म्हणजे साहेबांपुढं मिसली, अर्थात प्रकरणांच्या फायली, मांडणारे. साहेब अकरा बदलले, विठ्ठलराव बदलले नाहीत. मल्लेशम गारू सर्वेअर होते; गारू म्हणजे आपलं 'राव'. माणूस तेलुगू, पण भांडण मराठीत करतात. तिसरा दत्ता, तामसीचा कापूसवाला. पहाणीच्या, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्याच्या, एका नकलेसाठी तो माझ्या टेबलाशी इतक्या वेळा आला, की शेवटी मित्रच झाला. चौथा मी, सदाशिव भालेराव.

दत्ताला मी पहिल्यांदा विचारलं, "हाफ मॅरेथॉन आहे, येतोस का?"

"हाफ? मंग ते पोरायचं असंन. बसमंधी हाफ तिकीट पोरायचंच राह्यते."

"अरे, एकवीस किलोमीटर असतं!"

त्यानं बोटांवर हिशेब केला. "म्हंजे तामसीहून आदिलाबाद, अन् वर थोडं?"

"हो."

"तेवढ्यासाठी तं बस हाये ना!"

तरी तो आला. आणि चौघांत खरा पळणारा तेवढाच एक निघाला.

आता मूळ प्रकरण. निवृत्तीनंतर दिवसभरात 'भालेराव, जरा इकडं या' असं मला कोणी म्हणत नाही. पहाटे साडेपाचला तिघं म्हणतात. एवढ्यासाठी मी पळतो; तब्येतीचं आपलं लोकांना सांगायला. तर मागच्या वर्षी कलेक्टर ऑफिसच्या रस्त्यावर मी पडलो आणि गुडघ्याला पाच टाके पडले. सौ. निवृत्त मुख्याध्यापिका आहे. तिनं टाके मोजले आणि आदेश काढला.

"अहो, तुम्ही पळता की हॉटेलात बसून भजी खाता, मला कसं कळायचं? पोट तर होतं तिथंच आहे. येत्या संक्रांतीच्या आत एक दाखला आणा. एकवीस किलोमीटर, वेळेत, तुमच्या नावाचा. नाहीतर बूट देऊन टाकीन आणि पहाटेचं जाणं बंद."

दाखला! चौतीस वर्षं मी लोकांना दाखलेच दिले. जातीचे, उत्पन्नाचे, रहिवासाचे. मला वाटलं, यात काय अवघड आहे?

*

पहिली शर्यत पैनगंगेच्या पलीकडे होती. तीन तासांच्या आत पोचलं तर दाखला मिळणार होता.

माईकवर सूचना झाली, "तीन तासांत यायचं असेल त्यांनी तीनच्या पेसरमागे राहा." पेसर म्हणजे पाठीवर वेळेचं निशाण लावून ठरल्या गतीनं पळणारा माणूस. माईक घरघरत होता. विठ्ठलरावांना ऐकू आलं, 'पेशकार.'

त्यांची छातीच फुगली. "बघा, इथंही पेशकार लागतो! आता नीट ऐका. पेशकाराच्या पुढं कोणी जायचं नाही. तो चालला की चालायचं, तो थांबला की थांबायचं."

मी शब्दाची फोड करून समजावलं. ते म्हणाले, "खातं वेगळं असेल, भालेराव. काम तेच."

दत्ता कधीच दिसेनासा झाला होता. आम्ही तिघं चौदा किलोमीटर त्या पेसरमागे अगदी शिस्तीत गेलो. मग त्याचं पोट बिघडलं आणि तो एका झुडपामागे गेला.

विठ्ठलराव थांबले. हात पुढं बांधून, साहेबांच्या दाराबाहेर उभे राहायचे तसेच.

"पोदाम अंडी," मल्लेशम गारू म्हणाले. म्हणजे चला.

"थांबा. बोलावल्याशिवाय पुढं गेलेली मिसल परत येते."

मला सांगायला लाज वाटते, पण मीही थांबलो. चौतीस वर्षांची सवय पायांतच असते. पेसर बाहेर आला, दहा पावलं पळाला, परत आत गेला. असं तीनदा झालं. शेवटी तो अ‍ॅम्ब्युलन्समध्ये जाऊन आडवा झाला. विठ्ठलराव खिडकीपाशी गेले आणि अदबीनं म्हणाले, "आमच्यासाठी काही हुकूम?"

त्यानं डोळे न उघडता हात हलवला.

विठ्ठलराव वळून आम्हाला म्हणाले, "बरखास्त!"

आम्ही तीन तास तेवीस मिनिटांनी पोचलो. तोवर शर्यतीच्या शेवटची कमान उतरवायला सुरुवात झाली होती.

*

सरावाला आम्ही तामसीच्या रस्त्यानं जातो. एके सकाळी मागून बस आली. चार म्हातारे तोंड उघडं टाकून पळताना पाहून ड्रायव्हरला दया आली असावी. बस आमच्या पुढं जाऊन थांबली.

कंडक्टर दारात उभा राहून ओरडला, "चढा काका लवकर! टाइम होऊन राह्यला!"

मी म्हणालो, "नाही हो, आम्ही पळतोय."

"ते दिसूनच राह्यलं! म्हनूनच तं थांबवली!"

बायकांना बसचा प्रवास फुकट झाल्यापासून बस नेहमी भरलेली असते. सगळी बस खिडक्यांना लागली. एका आजीनं फार मायेनं विचारलं, "कोन गेलं व बाबू? कुठी हाये मयत?"

आम्ही काही सांगणार, तोवर विठ्ठलराव पायरी चढले होते.

"विठ्ठलराव! अहो, सराव!"

"सरकारी गाडी आपल्यासाठी थांबली, भालेराव. नाही म्हणणं बरं दिसत नाही."

तामसीपर्यंत ते उभे राहून गेले. आम्ही तासाभरानं दत्ताच्या घरी पोचलो तेव्हा ते ओट्यावर दुसरा चहा घेत होते. घड्याळ पुढं करून म्हणाले, "आज माझी वेळ सगळ्यात चांगली आली!"

*

दुसऱ्या शर्यतीच्या आधी मल्लेशम गारूंना त्यांच्या मुलीनं अमेरिकेहून एक घड्याळ पाठवलं. ते थेट उपग्रहाला विचारून अंतर सांगतं. ज्या माणसानं आयुष्यभर जरीब ओढून जमीन मोजली, त्याच्या मनगटावर असं घड्याळ बांधणं ही त्या मुलीची चूक होती, असं माझं मत आहे.

शर्यत मात्र छान झाली. विठ्ठलराव मागं कुठंतरी होते. मी आणि मल्लेशम गारू खांद्याला खांदा लावून शेवटच्या वळणावर आलो तेव्हा तीन तासांना अजून सात मिनिटं होती. समोर कमान दिसत होती. वाजंत्री ऐकू येत होती. मला दाखल्याचा कागदसुद्धा दिसायला लागला होता.

आणि मल्लेशम गारू खाडकन थांबले.

"काय झालं? पाय आखडला का?"

"झालं, भालेराव गारू. माझे एकवीस किलोमीटर, सत्त्याण्णव मीटर इथं पूर्ण झाले." त्यांनी बुटाच्या टोकानं रस्त्यावर रेघ मारली. "कमान एकशे चाळीस मीटर चुकीच्या जागी आहे."

"असू द्या ना! समोर दिसतेय, चला!"

"कादू! नाही! पुढची जागा माझी नाही. तीस वर्षं मी दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकलं नाही, कोणाला टाकू दिलं नाही. आज टाकू?"

"मग मी जातो!"

"तुमी जाता? मग पंच कोण? पंचनाम्याला साक्षीदार नको का?"

आता मी जायला हवं होतं. हे मला त्या दिवशीही कळत होतं. पण सर्वेअरनं 'पंच म्हणून उभे राहा' म्हटलं की कारकून उभा राहतो; पुढं काय करायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. मल्लेशम गारूंनी चार दगड गोळा करून हद्द आखली. लोक आम्हाला वळसा घालून पळत होते. एका बाईंनी तर दगडांना नमस्कार केला.

दत्ता गळ्यात पदक, हातात केळं अशा थाटात कमानीकडून उलटा आला. दगडांकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं.

"काऊन उभे राह्यले? कोनाचं वावर हाये हे?"

कमानीवरच्या घड्याळात तीन तास भरले.

*

तिसरी शर्यत खाली तेलुगू मुलखात होती. आदल्या दिवशी छातीवर लावायचे नंबर घ्यायला रांग होती. माझ्या पुढं यवतमाळचे एक गृहस्थ होते. खिडकीतल्या बाईंनी त्यांना विचारलं, "मी पेरु?"

तेलुगूत याचा अर्थ 'तुमचं नाव?' यवतमाळात असा काही अर्थ होत नाही.

ते चमकले. मागं वळून मला म्हणाले, "काय म्हणतात या? मी पेरू?"

मी काही बोलणार तोवर बाईंनी आवाज चढवला, "पेरु, सर, पेरु!"

"नको ताई. पळायच्या आधी मी फळ खात नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग शांतपणे, सुटं सुटं करून विचारलं, "इंटि पेरु?" म्हणजे घराण्याचं नाव, आडनाव.

हा उच्चार ऐकून ते फारच गोंधळले. मला म्हणाले, "आता हे कोणते?"

"घरचे," मी म्हणालो. भाषांतर म्हणून ते चूक नव्हतं.

"घरचे आहेत म्हणता? मग नाही कसं म्हणायचं!" त्यांनी खिडकीतून हात पुढं केला.

बाईंनी हातावर पेन ठेवलं.

*

त्या शर्यतीत मी दोन तास चौपन्न मिनिटांत आलो! विठ्ठलरावांना मागं सोडलं, मल्लेशम गारूंकडं पाहिलंच नाही, आणि कमानीखालून दोन्ही हात वर करून गेलो. दाखला चार दिवसांनी मेलवर आला. तो रंगीत छापून घेतला आणि दोन्ही हातांनी सौ.ला दिला.

तिनं चष्मा लावला. वाचला. परत वाचला.

"हे कोण?"

"कोण म्हणजे? मी!"

"इथं लिहिलंय, मिस्टर अ‍ॅज अबव्ह."

मी कागद घेतला. खरंच तसं होतं. सोनेरी अक्षरांत, वेलबुट्टीसकट. 'मिस्टर अ‍ॅज अबव्ह यांनी एकवीस किलोमीटर अंतर वेळेत पूर्ण केल्याचे प्रमाणित करण्यात येते.'

मग आठवलं. फॉर्ममध्ये दोन रकाने होते. पहिला, 'नाव'. त्याच्या खाली, 'दाखल्यावर हवे असलेले नाव'. चौतीस वर्षांत मी एक गोष्ट एका कागदावर दोनदा लिहिलेली नाही. वरच्या रकान्यात आहे ते खालच्या रकान्यात आलं, की हात आपोआप लिहितो, 'वरीलप्रमाणे'. फॉर्म इंग्रजी होता, म्हणून हातानं इंग्रजीत लिहिलं.

सौ. म्हणाली, "आडनाव अबव्ह. साहेब लोक दिसतात. चांगलं पळतात हो!" आणि दाखला परत माझ्या हातात दिला. "त्यांचा त्यांना पोचवा. संक्रांत जवळ आलीय."

*

चौथी शर्यत आदिलाबादलाच होती, संक्रांतीच्या आधीची शेवटची. या वेळी मी दोन्ही रकान्यांत पूर्ण नाव घातलं : सदाशिव भालेराव.

मल्लेशम गारूंच्या मनाला मात्र त्या हद्दीच्या प्रकरणाची टोचणी लागली होती. त्यांनी मला न सांगता, आपल्या फोनवरून, माझं नाव वेगळं नोंदवून टाकलं. तेलुगूत आडनाव आधी येतं, म्हणून त्यांनी लिहिलं : भालेराव सदाशिव.

खिडकीवर मला दोन पाकिटं मिळाली. दोन नंबर आणि बुटाच्या नाडीला बांधायच्या दोन चिप. सुरुवातीच्या आणि शेवटच्या पट्टीवरून गेलं की चिपवरून नोंद होते. एक नाव रद्द करा म्हटलं, तर आता होत नाही म्हणाले.

विठ्ठलरावांनी सल्ला दिला, "दोन्ही बांधा. मिसल हरवली तरी दुय्यम प्रत राहते."

प्रशासकीयदृष्ट्या मला ते पटलं. डाव्या बुटाला भालेराव सदाशिव बांधला, उजव्या बुटाला सदाशिव भालेराव.

दोन तास सत्तेचाळीस मिनिटं! आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ. कमानीजवळ सौ. उभी होती, आयुष्यात पहिल्यांदा. टाळ्या वाजवत होती. मी पाहतोय म्हटल्यावर तिनं हात पदरात घेतले.

आम्ही दोघं नोंदीच्या टेबलाशी गेलो. लॅपटॉपवाल्या गृहस्थांनी माझा नंबर दोनदा टाकून पाहिला.

"सर, आप फिनिश हुए हैं. मगर स्टार्ट नहीं हुए."

"म्हणजे?"

"सदाशिव भालेराव का स्टार्ट ही नहीं है. और एक भालेराव सदाशिव हैं, वो स्टार्ट हुए हैं, लेकिन अभी तक आए नहीं. उनके लिए अ‍ॅम्ब्युलन्स भेजी है."

सुरुवातीच्या पट्टीनं फक्त डावा पाय टिपला होता. शेवटच्या पट्टीनं फक्त उजवा.

दत्ता वाकून माझ्या बुटाकडं पाहायला लागला. "म्हंजे डावा पाय आजून रस्त्यावरच हाये काय?"

तेवढ्यात माईकवर घोषणा सुरू झाली. "भालेराव सदाशिव, वय त्रेसष्ट, कोणाला दिसल्यास कृपया कळवा." मी हात वर केला. टेबलवाल्यांनी मला नम्रपणे बाजूला व्हायला सांगितलं. हरवलेल्या माणसाच्या नातेवाइकांसाठी जागा मोकळी करत होते.

मी सौ.ला म्हणालो, "तू तर डोळ्यांनी पाहिलंस ना मला येताना?"

"पाहिलं. पोराला उत्तर येतं हे मला तीस वर्षं समोर दिसायचं. पण मार्क पेपरवर लिहिलं त्याचेच दिले."

मी अर्ज केला. सोबत प्रतिज्ञापत्र जोडलं, की सदाशिव भालेराव आणि भालेराव सदाशिव ही एकच व्यक्ती आहे. या मजकुरासाठी नोकरीभर मी लोकांना ज्या नोटरीकडं धाडलं, त्याच्याकडंच गेलो. त्यानं मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि ओळखपत्र मागितलं.

आयोजकांचं उत्तर आठ दिवसांनी आलं. अर्ज मान्य केल्यास दुसऱ्या एका स्पर्धकाचा निकाल रद्द करावा लागतो. तरी त्यांचं, म्हणजे श्री. भालेराव सदाशिव यांचं, ना-हरकत पत्र सादर करावं.

मी बसलो आणि लिहिलं. 'मी, भालेराव सदाशिव, श्री. सदाशिव भालेराव यांना ओळखतो. माझी सुरुवात त्यांच्या नावे वर्ग करण्यास माझी हरकत नाही.' खाली सही केली. विठ्ठलरावांनी मसुदा तपासला आणि उत्तम म्हणाले.

त्यावर उत्तर आलं : दोन्ही स्पर्धकांच्या सह्या एकाच हाताच्या दिसतात. हा प्रकार गंभीर आहे. श्री. भालेराव सदाशिव यांनी स्वतः हजर व्हावं.

मी स्वतः गेलो. टेबलवाल्यांनी मला ओळखलं. म्हणाले, "सर, आप नहीं, वो."

संक्रांत होऊन गेली. सौ.नं तीळगूळ वाटला, सगळी कागदपत्रं क्रमानं वाचली, आणि निर्णय दिला. उजवा पाय वेळेत आल्याचं कागदावर दिसतं, सबब उजव्याला परवानगी. डावा पोचल्याचा पुरावा नाही.

उजवा बूट दाराशी आहे. डावा कपाटात, कुलपात आहे.

अर्ज प्रलंबित आहे.